तीस सप्टेंबरनंतरची मुलं

दरवर्षी 30 सप्टेंबरला महाराष्ट्रातल्या शाळांचा पट ठरतो. त्या तारखेला ज्यांची नावं हजेरीपत्रकावर आहेत, संगणकावर भरली गेली आहेत आणि आधारशी जुळली आहेत, ती मुलं म्हणजे शाळेची पटसंख्या. तिच्यावरून संचमान्यता निघते आणि शाळेला किती शिक्षक मिळायचे ते ठरतं. ही तारीख काटेकोर पाळली जाते. त्याच सुमारास दसरा येतो. दसरा उरकला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांतून ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. भांडी, पांघरुणं, पिठाचे डबे, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली मुलं. सरकारची मोजणी संपते आणि मोजलेली मुलं गाव सोडतात.

हे कुणाला ठाऊक नाही असं नाही. शिक्षकांना ठाऊक आहे, केंद्रप्रमुखांना ठाऊक आहे, मंत्रालयातही ठाऊक आहे. हंगाम वर्षानुवर्षं त्याच वेळी सुरू होतो. तरी तारीख तीच, रकाने तेच आणि त्यावरून निघणारे निर्णयही तेच.

म्हणून या आठवड्यात एकच म्हणणं, सरळ आणि ठासून. लहान गावातली शाळा पटावरून चालवू नका, गावातल्या मुलांवरून चालवा. पट कचेरीला लागतो. मुलांची जबाबदारी गावाची आणि सरकारची आहे, आणि ती 30 सप्टेंबरला संपत नाही.

कायदा काय सांगतो

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 सालचा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 9 मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं दिली आहेत. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवायची. प्रत्येकाचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं होणं यावर लक्ष ठेवायचं. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघायचं. कायद्याची मोजणी घरापासून सुरू होते. संचमान्यतेची मोजणी हजेरीपत्रकापासून सुरू होते. या दोहोंच्या मधे जी मुलं सांडतात, त्यांचा हिशेब कुणीच देत नाही.

गावात सहा ते चौदा वयाची मुलं किती, हा प्रश्न आज कुठल्याही ग्रामसभेत विचारून बघा. मतदार किती ते चटकन सांगतील. शिधापत्रिका किती, घरकुलं किती मंजूर, तेही सांगतील. मुलांचा आकडा विचारला की सगळ्यांच्या माना गुरुजींकडे वळतात, आणि गुरुजींकडे असतो तो पट.

ईटच्या वर्गात कोण बसतं

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातलं ईट हे खर्डा-जामखेडच्या बाजूचं मोठं गाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांचा राबता इथे. अशा गावातली सहावी ते आठवी म्हणजे एकट्या गावाचा वर्ग नसतो. वाडीतल्या शाळेत चौथी-पाचवी केलेली पोरं पुढच्या इयत्तांसाठी अशाच गावात येतात. त्यामुळे ईटसारख्या गावातला एक वर्ग उघडला की सगळ्या पट्ट्याचा ताळेबंद समोर येतो.

भूम तालुका खव्याचा. पहाटे धार काढायची, दूध भट्टीवर पोचवायचं, कढईत आटवायचं आणि खवा शहरांकडे रवाना करायचा, यावर इथली कितीतरी घरं उभी आहेत. हाच तालुका आणि त्याच्या शेजारचा बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचाही. शाळेच्या दृष्टीने या दोन धंद्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ज्या घरी दुभतं जनावर आहे, तिथलं कुणी ना कुणी गावात राहतंच. धार दिवसातून दोनदा काढावी लागते, जनावर बांधून सहा महिने परमुलखात जाता येत नाही. त्या घरातलं मूल सकाळी दुधाचे कॅन पोचवण्याच्या नादात कधी उशिरा येईल, पण येईल. ज्या घराने ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली आहे, त्या घरातलं मूल दिवाळीनंतर दिसत नाही. दोघं एकाच बाकावर बसतात, एकाच पटावर मोजले जातात. एकाला शाळेचं अख्खं वर्ष मिळतं, दुसऱ्याला जेमतेम अर्धं.

पट टिकवायचा असेल तर चाऱ्याचा भाव, दुधाचा दर आणि पाण्याची सोय हेही शिक्षणाचेच विषय आहेत. गोठा भरलेला असला की वर्ग भरलेला राहतो. जिल्हा परिषदेत पशुसंवर्धन आणि शिक्षण या दोन समित्या एकाच इमारतीत बसतात. त्यांनी एकमेकींचे कागद वाचावेत.

हजेरीपत्रकाचं नोव्हेंबरचं पान

स्थलांतर होणाऱ्या गावातलं सहावीचं हजेरीपत्रक हातात घ्या. जून-जुलैचं पान भरगच्च. ऑगस्टमध्ये पोळा, सण, खुरपणीचे दिवस, तिथे थोडी गळती. सप्टेंबर पुन्हा भरलेला, कारण मोजणी जवळ आलेली असते आणि शिक्षक घरोघर फिरून पोरं आणतात. मग नोव्हेंबर. काही नावांपुढे महिनाभर गैरहजेरीच्या खुणांची सलग ओळ. डिसेंबरला तीच ओळ, जानेवारीला तीच. नाव कमी होत नाही, कारण दाखला कुणी काढलेला नसतो. मार्चअखेर ती ओळ तुटते आणि मूल परत येऊन बसतं. वयानुरूप वर्गात बसवायची तरतूद कायद्यात आहे, ती योग्यच आहे. पण मधल्या काळात पुस्तक कुठल्या कुठे गेलेलं असतं.

किती पुढे ते बघा. बालभारतीच्या सहावीच्या गणिताचे दोन विभाग आहेत. पहिल्यात कोन, पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरील क्रिया, दशांश. दुसऱ्यात समीकरणं, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, बँक व सरळव्याज. हा दुसरा विभाग दुसऱ्या सत्रात, म्हणजे दिवाळीनंतर शिकवला जातो. ज्या मुलाचे आईबाप उचल घेऊन गेले, ज्यांच्या घरी वजन, दर, उचल, कपात आणि बाकी यांचा हिशेब हंगामभर चालतो, तेच मूल व्याजाच्या धड्याला वर्गात नसतं. पुढे मोठं झाल्यावर त्याच्या हातात मुकादमाची वही येते आणि त्या वहीतला आकडा बरोबर की चूक हे त्याला सांगता येत नाही. कर्जाची साखळी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते ती अशी.

अकरा ते चौदाच का गळतात

लहानगं मूल आई सोबत नेते, कारण त्याला सोडता येत नाही. अकरा-बारा वर्षांचं मूल नेलं जातं, कारण ते कामाला येतं. मुलगा मोळ्या बांधायला, वाढं गोळा करायला. मुलगी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला, पाणी भरायला, भाकरी थापायला. प्राथमिक शाळेचा पट घसरतो त्याची कारणं बरीच आहेत, पण सहावी ते आठवीचा पट घसरतो तेव्हा आधी पोरांच्या हातांकडे बघा, त्यांना काम लागलेलं असतं.

मुलीचं तर आणखी एक. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते. एकट्याचा अर्धा कोयता. त्यामुळे पोराचं लग्न लवकर उरकण्याची घाई होते, आणि ती घाई कुणाच्या तरी सातवी-आठवीतल्या पोरीवर येऊन आदळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं. दर पाचांत एकीहून जास्त. मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत हे प्रमाण याच्या दुपटीच्या घरात जातं. पटावर याची नोंद 'दीर्घकाळ गैरहजर' एवढीच होते.

आणि ज्या मुली मुळात जन्मालाच आल्या नाहीत, त्या कुठल्याच पटावर नाहीत. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात 894 मुली होत्या, शेजारच्या बीड जिल्ह्यात 807. तेव्हा मोजलेली बाळं पुढच्या दहा-बारा वर्षांत सहावी, सातवी, आठवीतून गेली. वर्गातल्या रिकाम्या बाकांपैकी काही बाक सोनोग्राफीच्या खोलीत रिकामे झाले, हे शिक्षणाच्या बैठकीत कुणी बोलत नाही. बोललं पाहिजे.

सगळाच दोष दुष्टपणाला देऊन चालणार नाही. मुलंच कमी होत आहेत, हेही खरं आहे. 1992-93 मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 2.9 मुलं होती, 2019-21 मध्ये 1.7. ही चांगली बातमी आहे. आईची तब्येत सुधारली, घरावरचा भार हलका झाला. पण शाळांची गणितं मात्र अजून जुन्याच भरलेल्या घरांवर बेतलेली आहेत. कुटुंब लहान करा म्हणून सरकारनेच सांगितलं, लोकांनी ऐकलं, आणि आता मुलं कमी म्हणून त्यांचाच शिक्षक काढून घेतला जातो. ही शिक्षा कशाबद्दल?

बहीण गुरुजींकडे, भाऊ व्हॅनमध्ये

पटाची आणखी एक वाटणी आहे आणि ती घराच्या उंबऱ्यावर होते. सकाळी इंग्रजी शाळेची व्हॅन फाट्यावर येते. भाऊ टाय लावून तिच्यात बसतो. त्याचीच बहीण दप्तर घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेकडे चालत जाते. फी एकाचीच परवडते, आणि ती कुणाची भरायची हे घरात न बोलता ठरलेलं असतं. गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत मुलींचं प्रमाण जास्त दिसतं, त्यावर समाधान मानण्याआधी गावातले मुलगे कुठे गेले ते विचारा.

त्यातून जे वर्गात उरतात ते कोण? भूमिहीनांची, अल्पभूधारकांची मुलं, दलित आणि भटक्या-विमुक्तांची मुलं, एकल आईची मुलं, आणि ज्यांच्यावर घरच्यांनी पैसा लावायचा नाही असं ठरवलं त्या मुली. लहान पटाची शाळा म्हणजे दुसरीकडे जायला ज्यांच्याकडे पर्याय नाही त्यांची शाळा. ती बंद झाली तर व्हॅनवाल्यांचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते फक्त यांचं.

पाचवीच्या वर्गावर वेगळीच ओढाताण असते. खाजगी अनुदानित हायस्कुलाला पाचवीपासून मुलं हवीत, कारण त्यांच्याही शिक्षकांची पदं पटावरच टिकतात. जिल्हा परिषदेच्या शाळेला आठवीपर्यंतचे वर्ग टिकवायचे आहेत. एप्रिल-मे आला की दोन्हीकडचे शिक्षक त्याच घराच्या ओट्यावर येऊन बसतात. 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणत फेऱ्या निघतात, फलक लागतात, कुठे शिक्षक स्वतःच्या पगारातून रिक्षाचं भाडं भरतात. शिक्षकाची उन्हाळी सुट्टी दारोदार मुलं मागण्यात जाते, आणि त्याला कामगिरी म्हणतात. शिकवणं हे ज्याचं काम, त्याला आपली नोकरी टिकवण्यासाठी गिऱ्हाईक शोधायला लावणं हा त्याचा आणि आपल्या मुलांचा अपमान आहे.

वीसच्या आत शून्य

15 मार्च 2024 ला संचमान्यतेचे सुधारित निकष सांगणारा शासन निर्णय निघाला. सहावी ते आठवीच्या वर्गांत 20 पेक्षा कमी मुलं असतील तर तिथे शिक्षकाचं पद मंजूर होणार नाही, असं त्यातून पुढे आलं. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या त्या यामुळे.

आता कायद्याची अनुसूची बघा. सहावी ते आठवीसाठी वर्गागणिक किमान एक शिक्षक हवा, आणि तो असा की विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्राला एक आणि भाषेला एक मिळेल. दर 35 मुलांमागे एक हे प्रमाण त्यासोबत आहे. अनुसूचीत विषय आधी आहेत, कारण अपूर्णांक शिकवायला गणिताचाच माणूस लागतो, वर्गात सात मुलं असोत की सत्तर.

समजा एका गावात सहावीला 7, सातवीला 6 आणि आठवीला 5 मुलं आहेत. बेरीज 18. कायद्याने तिथे तीन विषयांची तीन माणसं हवीत. शासन निर्णयाने शून्य. मग होतं काय? पहिली ते पाचवीचे शिक्षक आपल्या वर्गांना काम देऊन वर येतात, आठवीचं विज्ञान जमेल तसं वाचून दाखवतात आणि परत खाली जातात. पालकांना हे दिसतं. पुढच्या जूनमध्ये 18 चे 12 होतात. मग अहवालात लिहिलं जातं की पालकांचा कल खाजगी शाळांकडे आहे. शिक्षक आधी काढला आणि मुलं मग गेली, हा क्रम त्या अहवालात कुठेच नसतो.

बंद करण्याचा इतिहास

मोजणीचा हा आग्रह हवेतून आलेला नाही. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर विशेष पटपडताळणी झाली. त्याआधी नांदेड जिल्ह्यात झालेल्या तपासणीने खोट्या पटाचं पितळ उघडं पाडलं होतं. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, कारण एकच मूल दोन-दोन शाळांत दाखवलं जात होतं. नसलेल्या मुलांच्या नावावर तुकड्या, शिक्षक आणि अनुदान लाटलं गेलं होतं. ती चोरी पकडली गेली हे उत्तमच झालं.

पण त्यातून खात्याने जो धडा घेतला तो अर्धाच. नसलेलं मूल पटावर दिसू नये याची व्यवस्था झाली. असलेलं मूल पटावरून हरवू नये याची व्यवस्था झाली नाही. आज आधारवरच्या नावाची एक वेलांटी चुकली, जन्मतारीख जुळली नाही, की वर्गात समोर बसलेलं मूल संचमान्यतेच्या हिशेबात धरलं जात नाही. ज्या घरात कागद नीट ठेवायला पत्र्याची पेटीसुद्धा नाही, त्याच घरातली मुलं अशी गळतात.

पुढे 2017 च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा जवळच्या शाळांत मिसळायचं ठरलं. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव आला, नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत ही उदाहरणं पुढे ठेवली गेली. तेव्हा सांगितलेले आकडे असे: शाळा 14,783, विद्यार्थी 1,85,467, शिक्षक 29,707. म्हणजे शाळेमागे बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक. हे महाग पडतं, असं म्हणणारे आहेत. पावणेदोन लाखांहून अधिक मुलं घराजवळ शिकत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना दुसरी शाळा परवडणारी नाही, असंही ते वाचता येतं. मी ते असंच वाचतो.

समूह शाळेला डोळे मिटून विरोध करायचं कारण नाही. प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान आणि विषयवार शिक्षक एके ठिकाणी मिळत असतील तर मुलांचं भलंच आहे. पण जुन्या शाळा बंद करण्याआधी एक फरक ध्यानात घ्या. जपानमध्ये गावंच्या गावं म्हातारी झाल्याने दरवर्षी शेकडो शाळा बंद होतात. तिथे मुलंच उरलेली नाहीत. आपल्याकडे मुलं आहेत. काही उसाच्या फडात आहेत, काही व्हॅनमध्ये, आणि काही घरी भावंडं सांभाळत आहेत. त्यामुळे आधी समूह शाळेकडे नेणारी गाडी आली पाहिजे आणि मग जुन्या शाळेला कुलूप लागलं पाहिजे. गाडीचं वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावं, ती एक पावसाळा नेमाने धावावी, आणि त्यानंतरच जुन्या शाळेचा निर्णय व्हावा. उलट्या क्रमाने गेलात तर पहिल्याच पावसात ओढा भरला की मुलींची शाळा सुटेल.

पट वाढतो, पण असा

उपदेश नको, उदाहरण हवं असेल तर फार लांब जायला नको. ईटहून बीड जिल्ह्याची हद्द जवळ. त्या जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात जरेवाडीची जिल्हा परिषद शाळा आहे. ऊसतोड्यांच्या मुलखातली एक वाडी. शिक्षकांनी आणि गावाने मिळून ती अशी उभी केली की बाहेरच्या गावांतून मुलं तिथे शिकायला येऊ लागली. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली परितेवाडी अशीच लहान. तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. शाळा लहान असली की शिकवणं लहान होतं, हा समज या दोन नावांनी खोटा पाडला आहे. जरेवाडीत शिकवणं आधी उभं राहिलं आणि पट मागून आला.

पालकही वेडे नाहीत. 'असर'च्या ग्रामीण पाहणीत 2018 साली देशातली सहा ते चौदा वयाची 65.6 टक्के मुलं सरकारी शाळांत होती. कोरोनाच्या काळानंतर, 2022 मध्ये, ती 72.9 टक्क्यांवर गेली. 2024 मध्ये पुन्हा 66.8. अडचणीच्या वेळी लाखो कुटुंबं सरकारी शाळेच्या दारात आली होती. त्यांना थांबवायची संधी आयती चालून आली होती. त्या दोन वर्षांत वर्गात शिक्षक पुरे असते तर ती माणसं गेली नसती.

काय करायचं ते स्पष्ट सांगतो

एक. मोजणी वर्षातून दोनदा करा. एक 30 सप्टेंबरला आणि दुसरी जानेवारीत, हंगाम ऐन भरात असताना. दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे त्या गावाच्या स्थलांतराचा खरा आकडा. तो ज्या शाळेत मोठा, तिला जास्त माणसं आणि जास्त पैसा द्या. पदं काढून घेऊ नका.

दोन. सहावी ते आठवीची पदं विषयावर द्या. जिथे खरोखरच मुलं फार थोडी आहेत, तिथे केंद्रातल्या दोन-तीन शाळांना मिळून गणित-विज्ञानाचा एक शिक्षक नेमा, त्याचा प्रवासखर्च द्या, वार ठरवून द्या. आठवड्यातून दोन दिवस खरं गणित शिकवणारा माणूस हा शून्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

तीन. हंगामी वसतिगृहाची मंजुरी घटस्थापनेच्या आत गावात पोचली पाहिजे. आईबाप उसाला गेल्यावर मूल आजी-आजोबांपाशी राहतं आणि शाळेत दोन वेळचं जेवतं, एवढी ही साधी सोय. ती दसऱ्याआधी दिसली तरच आई मुलाला मागे ठेवते. गाडी हलल्यावर आलेला कागद कुणाच्याच उपयोगाचा नाही. 2021 मध्ये 41 तालुक्यांत मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने 82 वसतिगृहांची योजना जाहीर झाली. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे, आणि त्याच्यासाठी उसाच्या दर टनामागे कारखान्यांनी 10 रुपये द्यायचं ठरलेलं आहे. त्या पैशावर पहिला हक्क कोपीवर भाकरी थापणाऱ्या सहावीतल्या मुलीचा आहे.

चार. 2018 पासून धाराशिव जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. त्या कार्यक्रमात शिक्षणाला शंभरात 30 गुण आहेत आणि मुलं प्राथमिकमधून उच्च प्राथमिकला, तिथून माध्यमिकला किती टिकतात हा त्यातला मोजमापाचा मुद्दा आहे. एका हाताने पाचवीतून सहावीत मुलं आणा म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने सहावीचा शिक्षक काढायचा, हे चालणार नाही. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी या दोन कागदांतली विसंगती राज्य सरकारला लेखी कळवली पाहिजे.

पाच, आणि हे गावासाठी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात, हा कायदा आहे. त्या समितीने शिक्षक, अंगणवाडी ताई आणि आशा ताई यांना सोबत घेऊन घरोघर जाऊन यादी करावी. ईटमध्ये आणि भोवतालच्या प्रत्येक वाडीत सहा ते चौदा वयाची मुलं किती, त्यांतल्या मुली किती, जिल्हा परिषद शाळेत किती, बाहेर किती, उसाला किती जातात, आणि कुठेच जात नाहीत अशी किती. हे सहा आकडे. नावं जाहीर करायची गरज नाही, आकडे करा. येत्या ग्रामसभेत ते ठरावात लिहून घ्या आणि त्या ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या.

ही यादी करायला निधी लागत नाही, परिपत्रक लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. कलम 9 प्रमाणे ती आधीच असायला हवी होती. ती हातात असली की पटसंख्येचा कागद घेऊन शाळा बंद करायला आलेल्या अधिकाऱ्याला गाव आपला कागद दाखवू शकतं: शाळेत 18 असतील, पण गावात 60 आहेत, आणि उरलेल्यांसाठी तुम्ही काय केलंत ते आधी सांगा. त्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय कुणालाही शाळेचं एक पदही कमी करू देऊ नका.